हद्दीबाहेरचा कौल

माझा आवाज मोठा आहे, त्याला माझा इलाज नाही. वडील गावचे गुरव, घर देवळाला लागून. सकाळ झाली की घंटा, ढोल, गाऱ्हाणी घेऊन आलेली माणसं, आणि त्या सगळ्यावरून आईची हाक. अशा घरात हळू बोलणाऱ्याच्या ताटात दुसऱ्यांदा भात पडत नसे. तोच आवाज घेऊन मी नर्स झाले आणि गेली कित्येक वर्षं रत्नागिरीतल्या एका हॉस्पिटलात कॅन्सरच्या पेशंटना केमो देते आहे. सकाळी यायचं, सलाइन लावून औषध घ्यायचं, संध्याकाळच्या एसटीने घरी जायचं, असा आमचा वॉर्ड. माझ्या पाठीमागे तिथे मला फौजदार म्हणतात हे मला ठाऊक आहे. म्हणू देत. फौजदाराला भिऊन दिवसभर पाणी पितात ना, मग झालं.

लोकांना वाटतं, कॅन्सरचा वॉर्ड म्हणजे रडारड. एकदा येऊन बसा म्हणावं. माझा निम्मा दिवस ‘हळू हसा, शेजारच्या वॉर्डात माणसं झोपलीत’ हे सांगण्यात जातो. मंडणगडची बाई लोटे एमआयडीसीच्या कंपनीतल्या माणसाला कुळथाचं पिठलं कसं करायचं ते शिकवत असते, दोघांच्याही हाताला सुया, आणि तो मध्येच विचारतो की कोकम आधी घालायचं की नंतर. तिथे मी औषधाचं सांगायला गेले तर दोघंही माझ्याकडे असे बघतात की मीच आगंतुक. रडतात का? रडतात की. पण रडून झालं की डबे उघडतात.

त्या वॉर्डातल्या दोन माणसांची ही गोष्ट आहे. एक काका आणि एक तांडेल.

काका आंब्याचे बागायतदार. वय साठीचं, रत्नागिरीपासून एसटीने तासभराच्या अंतरावर, सड्याच्या, म्हणजे कातळी पठाराच्या, पायथ्याशी त्यांचं गाव. त्यांच्या मानेत गाठी आल्या होत्या. गाठींचाच कॅन्सर, पण औषधाला चांगली दाद देणारा. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं की दर तीन आठवड्यांनी एक अशा सहा सायकल घ्यायच्या, सहाच्या सहा घेतल्या तर बरे व्हाल, मध्येच सोडलंत तर गाठी पुन्हा वर येतील आणि मग हेच औषध चालेल याची खात्री नाही. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कौल लावून सांगतो.”

काकांचं कुठलंच काम कौलाशिवाय होत नसे. विहीर खणायची, मुलीचं स्थळ ठरवायचं, म्हैस विकायची, आधी देवळात जाऊन देवाला विचारायचं. ज्यांनी कौल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. देवाच्या पाषाणाला उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतात, प्रश्न घालतात आणि हात जोडून बघत राहतात. उजवीकडची कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावीकडची पडली तर नाही म्हणाला. माझं बालपण त्या पडलेल्या कळ्या झाडून काढण्यात गेलंय, त्यामुळे मी काही त्याला हसले नाही. काकांचा कौल उजवा झाला आणि काका पुढच्या आठवड्यात पिशवी घेऊन हजर.

त्याच दिवशी तांडेलही पहिल्यांदा आले. मिरकरवाड्याचे, म्हणजे रत्नागिरीच्या मासळी बंदरावरचे. होडीवर ज्याच्या शब्दावर सगळे खलाशी चालतात तो तांडेल, आणि हे त्या कामात इतकी वर्षं होते की घरचेसुद्धा त्यांना तांडेलच म्हणायचे. आजार घशाचा. त्यांच्या औषधाने तोंड येतं, फोड होतात, म्हणून औषध चालू असताना आम्ही तोंडात बर्फाचे तुकडे धरायला देतो. मी वाटीत बर्फ आणला तेव्हा ते वाटीकडे बघून म्हणाले, “सिस्टर, आख्खा जन्म मासळीला बर्फ लावला. आता मला लावतायसा. इकायचा इचार हाय काय?”

शेजारच्या बेडवरचे काका इतके हसले की त्यांची सलाइन थांबली. तिथून दोघांची जी जमली ती जमलीच. जमली म्हणजे भांडण जमलं. डोंगराची मेहनत मोठी की दर्याची, यावर पहिली सायकल गेली. तांडेल काकांना आंबेवाले म्हणायचे आणि सांगायचे की तुमच्या गावात सुरमई पोचेपर्यंत ती म्हातारी झालेली असते. काका म्हणायचे, तुमच्याकडे आंबा येतो तो आमच्या गुरांनी नाकारलेला. काकी, म्हणजे काकांची बायको, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून दोघांना लिंबाचं सरबत द्यायच्या आणि मला डोळ्यांनी खुणावायच्या की बघ बाय, घरी इतकं बोलत नाहीत हो.

आता एक माझ्या धंद्यातली गंमत. काकांच्या शिरा म्हणजे लपंडाव. बाग फिरून राकट झालेले हात, पण शीर म्हणून दिसायची नाही. गरम पाण्याचा टॉवेल गुंडाळा, हात खाली लोंबकळत ठेवा, थापट्या मारा, काही नाही. दुसऱ्या सायकलला मी सुई हातात घेऊन वैतागून बसले होते, एवढ्यात तांडेल सहज म्हणाले, “काय म्हणा, हापूसपरास पायरी बरी.” काकांनी अशी मूठ आवळली की मनगटाच्या वर शीर टरारून उभी राहिली. मी सुई घातली. एका फटक्यात. काकांना कळलंसुद्धा नाही, ते पायरीचा समाचार घेत होते. त्या दिवशी माझ्या मनात आलं, की सुपरिंटेंडेंटला सांगून तांडेलांना वॉर्डात कायमचं ठेवून घ्यावं.

पण तसं कुठे होतं. तांडेलांच्या औषधाचा पहिला टप्पा संपला आणि डॉक्टरांनी त्यांना रेडिएशनसाठी कोल्हापूरला पाठवलं. आमचे पेशंट त्याला ‘लाइट घेणं’ म्हणतात. ते गेले त्या दिवशी काका वॉर्डात नव्हते, त्यामुळे निरोप वगैरे काही झालं नाही. तिसऱ्या सायकलला काका आले, शेजारच्या बेडवर दुसराच कुणी बघितला आणि मला विचारलं, “तांडेल कुठाय गो?”

एका पेशंटचं दुसऱ्याला सांगायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. चांगला नियम आहे, मी आजही त्याच्या बाजूने भांडेन. कुणाचा आजार कुठे पोचला हे ज्याचं त्याने सांगावं. म्हणून असं कुणी विचारलं की आम्ही सगळ्या सिस्टर एकच उत्तर देतो, दुसरीकडे पाठवलंय. तेच मी काकांना दिलं, आणि ते खरंही होतं. पण वर्षानुवर्षं हेच उत्तर ऐकून पेशंटनी आपसात त्याचा अर्थ लावून ठेवला होता, तो मला नंतर कळला. दुसरीकडे पाठवलंय म्हणजे वर पाठवलंय.

त्या दिवसापासून काका भांडेनासे झाले. चौथ्या सायकलला मी स्वतः म्हटलं, काका, लोक म्हणतात हापूसपेक्षा पायरी बरी. काका म्हणाले, “असेल बाय.” मूठ नुसती ठेवल्यासारखी. शीर काही मिळेना, मला तीनदा टोचावं लागलं आणि ते एकदाही कुरकुरले नाहीत. माझा जीव चरकला. ओरडणारा पेशंट मला चालतो. गप्प पेशंट नाही चालत.

पाचव्या सायकलला काका आलेच नाहीत. मोहोर धरला होता, कैऱ्या अंड्याएवढ्या झाल्या होत्या, म्हणून आधी वाटलं फवारणीत अडकले असतील. दोन दिवस वाट बघून फोन लावला. काकींनी उचलला. “अगो बाय, काय सांगू तुला. ह्यांनी देवाला कौल लावला. डावा झाला. आता नाही येणार म्हणतात.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मानेतल्या गाठी विरघळल्या होत्या, रक्ताचे रिपोर्ट चांगले होते, पेशंट आंब्यावर चढण्याइतका ठणठणीत, आणि उरलेल्या फक्त दोन सायकल. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, अजून आठवडाभर थांबता येईल, त्याहून गॅप पडला तर केलेलं सगळं पाण्यात जाईल. आठवडाभर. फोनवर काका येईनात. मग रविवारी सुट्टी होती, मी पर्स उचलली आणि एसटीत बसले.

स्टॉपवर उतरून पाखाडी, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांची वाट, चढले. चढताना मनातल्या मनात भाषण तयार केलं, चांगलं तिखट. काका घरापुढच्या खळ्यात बसून आंब्याच्या पेट्या ठोकत होते. मला बघून हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, “ये गो. पाणी घे आधी.”

“पाणी नको. कौल लावलात म्हणे. देवाला विचारलंत, मला विचारलंत?”

“तुलाच विचारलं होतं आधी,” काका शांतपणे म्हणाले. “तू म्हणालीस दुसरीकडे पाठवलंय.”

तिखट भाषण मी तिथेच सोडून दिलं. मी विचारलं, “काका, तुम्ही देवाला विचारलंत तरी काय?”

“औषधाचं नाही विचारलं. ते पहिल्यांदाच विचारून झालं होतं, एकच गोष्ट दोनदा कशाला विचारायची. तांडेल आहे का, एवढंच विचारलं. गुरवालाही नाही सांगितलं, मनात धरलं. डावा पडला.” मग पेटीतला पेंढा उगाच सारखा करत म्हणाले, “त्याचं नि माझं औषध एका दिवशी सुरू झालं. तो माझ्यापेक्षा दणकट. वादळात होडी घरी आणणारा माणूस. तो टिकला नाही, तर मी त्या दोन सुया घेऊन काय करू? त्यापेक्षा हा मोसम माझ्या कलमांखाली काढतो.”

काकी दारात उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. तांडेल आहेत की नाहीत हे मलाही माहीत नव्हतं. कोल्हापूरला गेले त्यानंतर काही कळलं नव्हतं. घशाचा आजार, वजन उतरलेलं, काहीही झालेलं असू शकत होतं.

पण गुरवाची मुलगी ती गुरवाची मुलगी. त्या कौलात काहीतरी चुकलंय असं मला सारखं वाटत होतं, आणि काकींनी पुढे केलेला पाण्याचा तांब्या तोंडाला लावताना एकदम उमगलं. मी तांब्या खाली ठेवला.

“काका, तुमच्या देवाची हद्द कुठपर्यंत?”

“ओढ्यापासून वर सड्यावरच्या दगडापर्यंत,” काका म्हणाले. हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. दरवर्षी त्या हद्दीवर नारळ दिला जातो, पलीकडे दुसऱ्या गावचा देव, त्याची राखण वेगळी.

“आणि मिरकरवाडा?”

काकांनी हातातला पेंढा खाली टाकला.

“माझे वडील हद्दीबाहेरचा प्रश्न कधी देवापुढे घालत नसत,” मी म्हटलं. “कुणी मुंबईच्या माणसाचं विचारायला आलं तर हात जोडून परत पाठवायचे. म्हणायचे, देवाला दुसऱ्याच्या राज्यात बोलायला लावू नये, लावलंत तर तो डावाच देतो. म्हणजे, मला नको विचारू. तुम्ही इतकी वर्षं कौल लावताय, काका, आणि समुद्रावरच्या माणसाचं डोंगरातल्या देवाला विचारलंत?”

काकी मागून म्हणाल्या, “मी म्हटलं होतं हो, गुरवाला सांगून विचारा. पण ह्यांचं म्हणजे उचलली कळी, लावली देवाला.”

काकांनी कपाळावर हात मारला. लाजल्यासारखे झाले. पण त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि मी ते बघितलं. “मग कळायचं कसं?” त्यांनी विचारलं.

“मंगळवारी वॉर्डात या. मी सांगते.”

“आधी तांडेल, मग सुई. भेटला तर माझं सगळं सांग त्याला,” काका म्हणाले. व्यापारी माणूस, सौदा पक्का करूनच सोडलं.

परतीच्या एसटीत मला घाम फुटला. हे मी काय करून बसले होते? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. तांडेल असतील तर काका वाचतील, आणि नसतील तर मंगळवारी काका माझ्या तोंडावरूनच ओळखतील, कारण माझ्या चेहऱ्यावर काही लपत नाही. मग ते पाखाडी चढून घरी जातील ते कायमचे.

सोमवारी सकाळी तांडेलांचा फाइलवरचा नंबर लावला. तो त्यांच्या मुलाचा, मुलगा ट्रॉलरवर, फोन रेंजच्या बाहेर. कोल्हापूरच्या हॉस्पिटलात फोन केला तर तिकडची सिस्टर गोड आवाजात म्हणाली, “पेशंटची माहिती आम्ही फोनवर देत नाही.” माझाच नियम माझ्याच कपाळावर आपटला. बरोबरच होतं तिचं. मी तिला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या आणि ड्यूटी संपल्यावर रिक्षा करून मिरकरवाड्याला गेले. युनिफॉर्म बदलायचंही सुचलं नाही.

होड्या नुकत्या लागल्या होत्या. लिलावाचा आरडाओरडा, बर्फाच्या लाद्या ओढणारी माणसं, पायाखाली पाणी, आणि त्यात मी पांढऱ्या बुटात. मी विचारलं, तांडेल कुठे राहतात? एक मासळीवाली टोपलीवरून वर न बघता म्हणाली, “कंचा तांडेल बाय? हितं दगड मारलास तरी तांडेलालाच लागंल.” मी पूर्ण नाव सांगितलं. तिचा हात थांबला. “ते? ते आजारी होते ते? घर त्या गल्लीत, पण कुलूप असंल बग.”

होते, म्हणाली. गल्लीत गेले. दाराला खरंच कुलूप. उंबऱ्यावर वाऱ्याने उडून आलेला कचरा, कितीतरी दिवस न झाडलेला. शेजारी कुणी नाही, सगळी धक्क्यावर. मी त्या कुलपाकडे बघत उभी राहिले. खरं सांगते, त्या क्षणी मला तांडेलांचं वाईट वाटलं की काकांचं, ते वेगळं करता येत नव्हतं.

परत निघाले. जाळी विणायची शेड लागते वाटेत, तिथे जाळ्यांच्या ढिगावर एक म्हातारा पाय पसरून बसला होता. अंगाने पार चिपाड, गळ्याला उपरणं गुंडाळलेलं, मानेची कातडी काळवंडलेली, हातात जाळं आणि सुई. मी पुढे गेले. मागून घोगरा, फाटका, कुजबुजल्यासारखा आवाज आला.

“सिस्टर. बर्फ होवा काय?”

मी मागे वळले आणि त्या ओल्या जाळ्यांवर बसून रडले. मी, फौजदार. सगळा मिरकरवाडा बघत होता, बघू दे. तांडेल घाबरले, म्हणाले, “काय झालं? माजा रिपोर्ट वायट आलाय काय?”

जिवात जीव आल्यावर सगळं सांगितलं. ते आठवड्यापूर्वीच कोल्हापूरहून परतले होते, लाइट पूर्ण झाली होती, मुलगा ट्रॉलरवर, घरी करून घालायला कुणी नाही म्हणून बहिणीकडे राहत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आंबेवाल्यांनी देवाला विचारलं आणि डावा आला हे ऐकून आधी ते हसले. मग रागावले. “मला मारला? मला न इचारता? बग सिस्टर, जमिनीवरच्या मानसाला अक्कल नाय ती नाय.” मग जाळ्याची सुई खोचून ठेवली, डोळे पुसले, आणि म्हणाले, “सुया सोडल्यान त्यानं? माज्यासाटी?”

मी विचारलं, “त्यांना सांगू का, तुम्ही बरे आहात म्हणून?” नियम तो नियम.

“तुमी कशाला? मीच येतो.”

मंगळवारी काका-काकी वेळेवर आले. काका बेडच्या कडेवर बसले, आडवे होईनात, चपला पायातच. “बोल,” म्हणाले. मी ट्रे भरला, टॉवेल गरम करून त्यांच्या हाताला गुंडाळला. काका माझ्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मी जन्मात पहिल्यांदा चेहरा दगडासारखा ठेवायचा प्रयत्न करत होते.

दारात उपरणं दिसलं. हातात स्टीलचा डबा. तांडेल हळूहळू चालत आले, बेडजवळ उभे राहिले. काका त्यांच्याकडे बघत राहिले. आणि तांडेल त्या फाटक्या आवाजात म्हणाले, “काय म्हणा आंबेवाले, हापूसपरास पायरी बरी.”

काकांनी मूठ आवळली. मी टॉवेल भिरकावला आणि सुई घातली. एका फटक्यात.

“मेल्या,” काका म्हणाले, “कुठे होतास रे तू?” आणि सुई लागलेला हात तसाच ठेवून दुसऱ्या हाताने तांडेलांना जवळ ओढलं. मी ओरडले, “हात हलवू नका.” कुणी ऐकलं नाही. काकी रडत होत्या आणि हसत होत्या, मंडणगडची बाई टाळ्या वाजवत होती, तिला तर गोष्ट काय ती माहीतही नव्हती.

डब्यात बोंबलाचं फिकं सार आणि मऊ भात होता. तांडेलांना तिखट गिळता येत नव्हतं, म्हणून बहिणीने त्यांच्यासाठी केलेलं, त्यातलंच आणलेलं. केमो सुरू झाल्यापासून काकांना मासळीचा वास सहन होत नव्हता, आणि कोकणातल्या माणसाचं याहून मोठं दुःख नसतं. काकांनी डब्यावर नाक नेलं, थांबले. काकी बादली घेऊन तयार. काका म्हणाले, “ताजं आहे रे.” मग दोघांनी एका डब्यातून जेवण केलं, आणि दोघांनाही मी हात धुवायला उठवलं नाही, बेडवरच पाणी दिलं. एरवी असले लाड मी करत नाही.

त्या दिवशी औषध संपता संपता मी वॉर्डाच्या मध्ये उभी राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “दारापासून त्या खिडकीपर्यंत हद्द माझी. इथलं काही विचारायचं असेल तर मला विचारायचं. देवाला मध्ये आणायचं नाही, त्याला त्याची कामं आहेत.” तेव्हापासून वॉर्ड सोडून जाणाऱ्या प्रत्येकाला मी विचारून ठेवते, मागे कुणी चौकशी केली तर काय सांगू? कुणी म्हणतं काही सांगू नका. बहुतेक जण सांगा म्हणतात. एक आजी म्हणाल्या, सांग, ऐटीत गेली. नियम मोडलेला नाही, फक्त दार किलकिलं केलंय.

सहावी सायकलही झाली. तांडेल मुद्दाम आले होते, त्या दिवशी रायवळ आंबा सगळ्यात गोड असं म्हणाले आणि पुन्हा सुई एका फटक्यात गेली. मग महिन्याभराने स्कॅन. वैशाखातला तो दिवस मला स्पष्ट आठवतो. काकांनी आंब्याची पेटी आणली होती, वॉर्डभर घमघमाट. दोघं बाहेरच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेले, काकांनी सकाळपासून पाण्याचा घोटसुद्धा घेतला नव्हता. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला, कागद माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “जा, तुमचा पेशंट आहे, तुम्हीच सांगा.”

मी बाहेर आले. काका उठून उभे राहिले. तांडेल कुजबुजले, “काय झालं?” काकांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

“थांब रे. तिच्या हद्दीतलं आहे,” म्हणाले. मग माझ्यापुढे हात जोडले, देवळात जोडतात तसे, आणि विचारलं, “उजवा की डावा?”

देवळाच्या घंटेवरून ऐकू जाणारा माझा आवाज. नेमका तेव्हाच फुटेना. मी उजवा हात वर केला.